व्यंकटेश ते स्वामीजी : हाकेतून घडलेला माणूस

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. गेल्या वर्षापर्यंत मला स्वामी रामानंद तीर्थ म्हणजे कुणीतरी मठातले महाराज वाटायचे!

झालं असं, की रूममेटची आजी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात अ‍ॅडमिट होती. आम्ही दोघं एसटीने डबा घेऊन गेलो. गेटवर भलामोठा बोर्ड : स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. मी अगदी भाबडेपणाने रूममेटच्या काकांना विचारलं, काका, या स्वामींचा मठ कुठाय? दर्शनाला जाऊन येऊ. काका आधी माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, बाळा, ज्या माणसामुळे तू-मी भारतात आहोत, त्याचा मठ विचारायलास व्हय?

परत येताना एसटीत मी गप्प होतो. आणि त्याच महिन्यात सांस्कृतिक मंडळाने १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात मारलं. वाचण्यावाचून सुटका नव्हती. वाचत गेलो आणि अडकलोच. त्यातून हा लेख.

पण आधी थोडं माझ्याबद्दल, कारण त्याचा पुढे संबंध येणार आहे. हॉस्टेलमध्ये मला सगळे 'कॉन्व्हेंट' म्हणतात. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड होता. त्यामुळे मराठी यायचं ते घरापुरतं, तेही तुटकं. हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी मी म्हणालो, मी आंघोळ घेऊन येतो. झालं! आंघोळ घेतात का रे, करतात, म्हणून अख्खी लॉबी हसली आणि माझं बारसं झालं. पहिल्या सेमिस्टरला राग यायचा. दुसऱ्या सेमिस्टरला मी मेसमध्ये कमी बोलायला लागलो, कारण तोंड उघडलं की चूक होणार आणि चूक झाली की हसणार. तिसऱ्या सेमिस्टरला माझ्या बादलीवर पेंटने नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी स्वतःच्या हाताने लिहिलं : कॉन्व्हेंट. कुणी सांगितलं नव्हतं!

चार्ल्स कूली नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९०२ साली मांडलं, की भोवतालची माणसं हा आपला आरसा असतो. ती आपल्याला कशी बघत असतील असं आपल्याला वाटतं, त्यावरून आपण स्वतःला ओळखायला लागतो. हे वाचलं आणि मला माझी बादली आठवली. स्वामीजींचं चरित्रही मग मी याच नजरेने वाचलं. या माणसाला आयुष्यात कोणी कोणी काय काय हाक मारली आणि त्या हाकेने त्यांचं काय केलं?

पहिली हाक व्यंकटेश. व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, आज कर्नाटकात असलेल्या विजापूर भागातल्या सिंदगीचा. शालेय शिक्षण सोलापूरचं. ते सोलापूर इंग्रजी अमलातलं, गिरण्यांचं, चळवळीचं. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले तेव्हा व्यंकटेश सोळा वर्षांचा होता. म्हणजे आपल्याकडे दहावी-अकरावीत असतो तेवढा. त्या वयात त्याने मनाशी ठरवलं, की लग्न करायचं नाही, आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं. आपण त्या वयात काय ठरवतो? बोर्डाला किती टक्के पाडायचे ते! पण मला वाटतं, हा फरक फक्त त्याच्या एकट्याच्या मनाचा नव्हता. त्याच्याभोवती रोज उठताबसता देशाबद्दल बोलणारी माणसं होती. ज्याच्या कानावर जे पडतं, त्याला तेच होता येण्यासारखं वाटतं.

असहकाराच्या त्या लाटेत त्याने सरकारी शिक्षण सोडलं. मग अमळनेरची राष्ट्रीय शाळा, पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. तिथे पदवी घेऊन तो कामगार पुढारी ना. म. जोशी यांचा सचिव झाला. जोशी म्हणजे १९२० साली स्थापन झालेल्या आयटक या कामगार संघटनेच्या उभारणीतले मोठे नाव, आणि दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे. कागदपत्रं, पत्रव्यवहार, दिल्लीचा मुक्काम... आजच्या भाषेत करिअर सेट होतं. पण प्रकृतीने दगा दिला. आजारपण आलं आणि ते काम सुटलं.

इथे आपल्यातला कुणी असता तर बरा झाल्यावर पुन्हा दिल्लीची गाडी पकडली असती. व्यंकटराव १९२९ मध्ये उलट्या दिशेला गेले. हिप्परगा! आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं, लोहारा तालुक्यातलं खेडं, आणि तेव्हाच्या निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं. तिथे एक राष्ट्रीय शाळा चालत होती. ते तिथे मास्तर झाले. ही त्यांची दुसरी हाक.

ही हाक समजायला संस्थान समजून घ्यायला हवं. हैदराबाद हे देशातलं सगळ्यात मोठ्या संस्थानांपैकी एक. सोळा जिल्हे, १९४१ च्या जनगणनेत दीड कोटीच्या वर माणसं. आठ जिल्हे तेलुगू, तीन कानडी आणि पाच मराठी : औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. प्राथमिकच्या पुढे शिकायचं तर बहुतेक ठिकाणी उर्दूतूनच. सभा घ्यायची तर आधी परवानगी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उर्दू काही वाईट भाषा नाही. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथे इंग्रजीऐवजी उर्दूतून उच्च शिक्षण सुरू झालं, ही देशाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. प्रश्न असा, की ज्या पोराच्या घरी मराठी आहे, त्याला शाळेत, कचेरीत, कोर्टात, सगळीकडे रोज हेच कळत होतं, की तुझी भाषा चुलीजवळची, शहाण्या माणसांच्या कामाची नाही. कुणी मारत नव्हतं की शिव्या देत नव्हतं. पण रोज थोडं थोडं कळत होतं. दंडाच्या वहीत आपलं नाव लागलं की काय वाटतं, हे मला माहीत आहे. मराठीची नाही, आपली स्वतःचीच लाज वाटायला लागते. संस्थानात हे पिढ्यान्‌पिढ्या झालं होतं.

हिप्परग्याच्या शाळेत याच्या नेमकं उलटं चालायचं. शिकवणं मराठीतून. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच आवारात राहायचे. प्रार्थना, कसरत, अंगमेहनत, सगळं सोबत. पगार नावापुरता. म्हणजे खरं तर ते एक हॉस्टेलच होतं, फक्त आपल्यासारखं रात्री दहाला रेक्टर सर राउंडला आले की लाइट बंद करून झोपेचं सोंग घेण्याचं नव्हे! खेड्यातल्या पोराला पहिल्यांदाच असं कुणी भेटत होतं, जे शिकलेलं आहे, पुण्या-दिल्लीहून आलेलं आहे, आणि तरी आपल्याशी आपल्याच भाषेत, आपल्याच पंगतीत बसून बोलतंय. पोराच्या मनात काय होत असेल? हा माणूस मला माणूस समजतो, म्हणजे मी आहे!

आणि उलटंही होत होतं. पोरं मास्तरांना घडवत होती. दिल्लीत ते एका मोठ्या माणसाचे सचिव होते. इथे पन्नास जोड्या डोळ्यांसमोर त्यांना रोज पहाटे उठून, बोलल्याप्रमाणे वागून दाखवावं लागत होतं. हिप्परग्याला असतानाच त्यांनी संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. व्यंकटेश खेडगीकर हे नाव संपलं, रामानंद तीर्थ हे नाव आलं. आता हाक बदलली : स्वामीजी.

मला इथे गंमत वाटली. संन्यासी म्हणजे माणसांपासून लांब जाणारा, अशी आपली समजूत. हा संन्यासी जास्तच माणसांत आला! १९३५ मध्ये ते हिप्परगा सोडून काही सहकाऱ्यांसह आपल्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला आले. तेव्हा सरकारी कागदावर या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. (म्हणजे माणसांसारखीच गावांनाही दोन दोन नावं असायची. एक कागदावरचं, एक तोंडातलं.) इथे ते योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक झाले. तीनच वर्षं होते, पण त्या तीन वर्षांची खूण गावात अजून आहे. त्यांच्याबरोबर हिप्परग्याहून आलेले बाबासाहेब परांजपे पुढे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बीडचे खासदार झाले. एका शाळेच्या स्टाफरूममधून काय निघू शकतं बघा!

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. संस्थानातल्या मराठी माणसांनी एकत्र येऊन आपले प्रश्न मांडायचं हे व्यासपीठ. पाच जिल्ह्यांतली माणसं एकमेकांना भेटली आणि बहुधा पहिल्यांदाच कळलं, की मला जे वाटतं ते माझं एकट्याचं नाही. स्वामीजी या कामात ओढले गेले. १९३८ मध्ये त्यांनी शाळा सोडली.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती, पण तिच्यावर जन्माआधीच बंदी आली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले.

आता हॉस्टेलकरांनो, इकडे लक्ष द्या. स्वामीजी आत होते तेव्हा बाहेर जे झालं, ते एका हॉस्टेलमध्ये झालं! नोव्हेंबर १९३८. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणत होती. म्हणायचं नाही, असं फर्मान निघालं. मुलांनी ऐकलं नाही. लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचलं. संप झाला आणि शेकडो मुलांची नावं कॉलेजातून कमी झाली. करिअर संपलं म्हणायची वेळ. शेवटी नागपूर विद्यापीठाने दार उघडलं आणि बरीच मुलं तिकडे गेली. त्यांत वरंगळचा एक मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे त्यांनी स्वामीजींबरोबर काम केलं, आणि १९९१ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले.

मी विचार करत होतो, की त्या मुलांना एवढं बळ कुठून आलं असेल? ती काही क्रांतिकारक म्हणून अ‍ॅडमिशन घेऊन आली नव्हती. परीक्षा, मेसचं जेवण, घरून येणारी मनिऑर्डर, हेच त्यांचं जग. पण शेजारच्या खोलीतला उभा राहिला, म्हणून हा उभा राहिला. हा राहिला, म्हणून पलीकडचा. एकटा असता तर यातला प्रत्येक जण खाली मान घालून लेक्चरला गेला असता. जी लॉबी माणसाला हसून हसून गप्प करते, तीच लॉबी त्याला उभंही करू शकते.

पुढची दहा वर्षं स्वामीजींची तुरुंगात ये-जा चालू राहिली. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि नंतर ते तिचे अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपला मराठवाडा नाही. निजामाने भारतात यायला नकार दिला. त्या दिवशी स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. मधले काही आठवडे सोडले तर सप्टेंबर १९४८ पर्यंत ते आतच होते. बाहेर रझाकारांचा जुलूम चालू होता. संस्थान भारतात सामील व्हावं असं लिहिणारे उर्दू पत्रकार शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. म्हणजे हा लढा हिंदू-मुसलमान असा सरळ नव्हता, हेही आपण विसरायला नको. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी सुटले.

आता खरी परीक्षा. जिंकलेल्या माणसाला सगळे काय हाक मारतात? साहेब! सत्ता दारात उभी होती. स्वामीजी दोनदा खासदार झाले, १९५२ ला गुलबर्ग्याहून आणि १९५७ ला औरंगाबादहून. पण मंत्रिपदाची खुर्ची त्यांनी कधी घेतली नाही. शिवाय ज्या हैदराबाद राज्याचे ते सर्वात मोठे पुढारी होते, ते राज्य भाषेप्रमाणे वाटून टाका, अशी त्यांचीच भूमिका होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ते झालं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगणा आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूरला गेले. पुढारी म्हणून स्वामीजींचं घरच तीन तुकड्यांत गेलं म्हणा ना. तरी भूमिका बदलली नाही. मला वाटतं, हिप्परग्याच्या पोरांनी त्यांना जे बनवलं होतं ते इतकं पक्कं होतं, की नंतरच्या हाकांनी त्याला ओरखडा गेला नाही. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत ते गेले. पुढे अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज सुरू झालं, १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ निघालं, आणि दोन्हींना आज त्यांचं नाव आहे. त्या बोर्डासमोर उभं राहून मी मठ विचारत होतो!

आता शेवटची कबुली, आणि ही पहिलीपेक्षा जड आहे.

आपल्या हॉस्टेलला गेल्या वर्षी फर्स्ट इयरचा एक मुलगा आला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्याला हे सांगायला नको. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. त्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हिशोबच तसा. मुकादमाकडे किती माणसं, असं नाही, किती कोयते! तर हे कुणाला तरी कळलं आणि त्या मुलाचं नाव पडलं कोयता. पाडणारा कोण होता माहीत आहे? मी. मला वाटलं, चला, आता आपल्याला कॉन्व्हेंट म्हणणारे दुसरीकडे हसतील. तसं झालंही.

१७ सप्टेंबरच्या तयारीत रात्री स्वामीजींबद्दल वाचत बसलो होतो. पाणी आणायला खाली गेलो तर नळाजवळ तो मुलगा कपडे भिजवत होता. त्याच्या बादलीवर पेंटने लिहिलेलं होतं : कोयता. अक्षर त्याचंच.

मी काही बोललो नाही. बोलायला तोंडच नव्हतं. वर आलो आणि झोप लागली नाही. आईबाप ज्या शब्दाने हिशोबात मोजले जातात, तोच शब्द पोराने स्वतःच्या बादलीवर लिहिला. तो इंजिनिअर व्हायला आलाय आणि मी त्याला रोज दहा वेळा सांगतोय, की तू कोयता आहेस. संस्थान गेलं, स्वामीजी गेले, पण फर्मान काढणारा एक जण आमच्या लॉबीत राहिलाच होता.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली. त्याने मागे वळून बघितलं. त्याला वाटलं, मी दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतोय. मित्रांनो, ते वळून बघणं मी विसरू शकत नाही. मग मी त्याला माझ्या बादलीची गोष्ट सांगितली, नाव मीच पाडलं हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, भैया, रॉकेल आहे का तुमच्याकडं, पेंट निघंल. रॉकेल कुणाकडेच नव्हतं. वर्कशॉपच्या मामांकडून थिनर मागून आणलं आणि रविवारी दोघांनी मिळून दोन्ही बादल्या घासल्या. माझी बरीचशी साफ झाली. त्याच्या बादलीवर अजून थोडं दिसतं.

त्याचं खरं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. तो आपल्यातच आहे, रोज मेसला येतो. किती जणांना माहीत आहे ते नाव? नसेल माहीत तर आज रात्री जेवताना त्याला विचारा. आणि हाक माराल तेव्हा तेच नाव घेऊन मारा!